थकलेली फी आणि मंगळवारचे भाषण

मोरहाउस कॉलेजातली मुले आपल्या प्रेसिडेंटना पाठीमागे ‘बक बेनी’ म्हणत. जॅक बेनी हा त्या काळचा अमेरिकन रेडिओवरचा लाडका विनोदी नट. चिक्कूपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या या नटाचे ते काउबॉय सोंग होते. बेंजामिन मेझ १९४० साली अटलांटातल्या या कृष्णवर्णीय मुलांच्या कॉलेजचे प्रमुख झाले आणि त्यांनी पहिला हात घातला तो थकलेल्या फीला. १९२९च्या करारामुळे कॉलेजच्या आर्थिक नाड्या शेजारच्या अटलांटा विद्यापीठाच्या हातात गेल्या होत्या. त्या करारात एकत्र आलेल्या संस्थांत मोरहाउसच सगळ्यांत दुबळे. अशा घरात वसुली करणाऱ्याला टोपणनाव मिळणारच.

मेझ स्वतः फीची किंमत जाणून होते. १८९४ साली दक्षिण कॅरोलायनात त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. आठ भावंडांत हे शेंडेफळ. वडील खंडाने जमीन घेऊन कापूस पिकवत आणि कापसाच्या हंगामामुळे शाळा वर्षातून जेमतेम चार महिने. १८९८च्या वांशिक दंगलीत बंदूकधारी गोऱ्यांच्या जमावाने वडिलांना पुन्हापुन्हा वाकायला लावले, ही त्यांची पहिली आठवण. हायस्कूल संपले तेव्हा विशी उलटून गेली होती. पुढे उत्तरेला मेन राज्यात जाऊन १९२०मध्ये बेट्स कॉलेजची पदवी घेतली. मग शिकागो, मधूनमधून नोकऱ्या, रेल्वेच्या पुलमन शयनडब्यांत सेवकाचे कामही. पीएच.डी. हाती पडायला १९३५ उजाडले. तोवर ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र विभागाचे डीन झाले होते.

याच हॉवर्डच्या काळात, १९३६-३७च्या हिवाळ्यात, म्हैसूरच्या वायएमसीए परिषदेसाठी ते भारतात आले आणि वर्ध्याला गांधीजींना भेटले. दीड तास बोलणे झाले. अहिंसा एकेकट्या माणसाला जमेल, पण जमावाला कशी जमायची, हे त्यांनी खोदून विचारले. आणखी एक प्रश्न होता: अस्पृश्यतेवर तुटून पडणारे आपण जातिव्यवस्थेवर तसेच का तुटून पडत नाही? गांधीजींनी दोन्हींत फरक केला. त्याच १९३६ साली बाबासाहेबांचे ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ इंग्रजीत छापून झाले होते, हे मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. मेझ गांधीजींचे चाहते म्हणूनच परतले. पण भक्त होऊन नव्हे. म्हैसूरजवळच्या अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी ते चमकले, मग त्यांना ते पटले. पुढे मेझ यांचे विद्यार्थी मार्टिन ल्यूथर किंग यांनीही आपल्या १९५९च्या केरळभेटीतली अगदी अशीच हकीगत सांगितली. गुरुशिष्यांच्या अनुभवात इतके साम्य असावे, याचे मला थोडे कुतूहल आहे.

किंग मोरहाउसला आले त्यालाही हिशेबाचेच कारण होते. महायुद्धात मुले सैन्यात गेली, वर्ग ओस पडले. तेव्हा मेझनी हायस्कूल पुरे न झालेल्या हुशार मुलांना प्रवेश परीक्षा घेऊन दाखल करून घ्यायला सुरुवात केली. १९४४ साली त्या वाटेने पंधरा वर्षांचा किंग आत आला. मंगळवारी सकाळी सेल हॉलच्या प्रार्थनासभेत मेझ बोलत. हजेरी सक्तीची. विषय कुठलाही असो, गाडी दोन रुळांवर चाले: काम असे करा की त्यात कुणाला खोट काढता येऊ नये, आणि वर्णभेद स्वतः होऊन पत्करू नका. मागच्या दाराने जावे लागणाऱ्या सिनेमागृहात पैसे देऊन जाणे त्यांना मुळीच खपत नसे. किंग भाषणानंतर त्यांच्या मागोमाग खोलीपर्यंत जाऊन वाद घालत. धर्मोपदेशक हा विचार करणारा माणूसही असू शकतो, हे त्यांना मेझकडे पाहून पटले.

१९५६मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत किंगच्या नेतृत्वाखाली बहिष्कार चालू असताना त्यांच्यावर अटकेचे सावट होते. वडिलांनी अटलांटात वडीलधारी मंडळी जमवून ‘परत जाऊ नकोस’ असा आग्रह धरला. किंगनी जायचेच ठरवले, तेव्हा मेझ त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोघांत एक बोलणे झाले होते: जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीत बोलायचे. ९ एप्रिल १९६८ रोजी मोरहाउसच्या आवारात ते पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या गुरूला पाळावे लागले.

किंगच्या तेजात बाकीचे मोरहाउस झाकले जाते, हा मात्र अन्याय आहे. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन १९५६चे पदवीधर. पुढे अमेरिकेचे आरोग्यमंत्री झालेले लुई सलिव्हन १९५४चे. मेझनी सत्तावीस वर्षे प्राध्यापकांच्या पीएच.ड्या आणि मान्यतेचे अर्ज यांचाच पाठपुरावा केला. त्यांनी लावून धरलेली ‘फाय बीटा कॅपा’ या प्रतिष्ठित विद्वत्संस्थेची शाखा मोरहाउसला मिळाली ती १९६८मध्ये, ते निवृत्त झाल्यानंतर.

१९६७ला पद सोडल्यावर ते घरी बसले नाहीत. १९७०पासून १९८१पर्यंत अटलांटाच्या शालेय मंडळाचे अध्यक्ष राहिले; त्या खुर्चीवरचे पहिले कृष्णवर्णीय. १९७३मध्ये तिथे एक तडजोड झाली. गोऱ्या आणि काळ्या मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत नेण्याचा आग्रह सैल झाला आणि बदल्यात शाळांच्या कारभारात कृष्णवर्णीयांना मोठा वाटा मिळाला, सुपरिंटेंडेंटच्या पदासकट. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे राष्ट्रीय नेतृत्व यावर भडकले. आयुष्यभर वर्णभेद न पत्करण्याची शिकवण देणाऱ्याने ही मुभा कशी दिली, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. पण गोरी कुटुंबे भराभर उपनगरांत निघून जात होती; बसमध्ये बसवायला गोरी मुलेच कमी पडत चालली होती. जमाखर्च पाहून निर्णय घेणाऱ्या प्रेसिडेंटला ते आकडे दिसत होते, आणि मला वाटते, त्याने त्यांनाच कौल दिला.