शाळेबाहेरचे शिक्षण : चौदा वर्षांनंतरचा प्रश्न

शाळा सुटली तरी शिक्षण सुटू नये, हा विचार अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ पासून आपल्या नियतकालिकातून मांडला. आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे. पुढील वयाच्या मुलामुलींना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी खुली आहे. किमान ५ विषय, ५ वर्षांत ९ संधी. एकेक विषय उत्तीर्ण होत जाण्याचीही मुभा.

मात्र स्वेच्छेने शाळा सोडणारा मुलगा आणि भावंडे सांभाळण्यासाठी घरी बसविलेली मुलगी हजेरीपटावर सारखीच दिसतात. म्हणून नाव कमी करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी मुलीलाच विचारावे, पालकांचे उत्तर येथे पुरेसे नव्हे : नोंदणी झाली का, पुस्तके कोठे आहेत, दिवसाचे किती तास तुझे स्वतःचे?