नवी वर्ना आणि मातोश्रींचा प्रश्न

कुटुंबाकरिता मोटार घ्यावयाची, तर चार जाणत्यांचे मत घ्यावे, म्हणून आम्ही फतेगंजातील व्यापारी बंधूंकडे ह्युंदाईच्या वर्ना या सेडान मोटारीविषयी पृच्छा केली. मार्च २०२३ मध्ये हिला संपूर्ण नवे रूप मिळाले. लांबी ४५३५ मिलिमीटर झाली, डिझेल इंजिन मात्र गेले. तरुण मंडळी समोरील अखंड दिव्याच्या पट्टीवरच लुब्ध! मागील ५२८ लिटरांच्या डिकीत शंखेश्वराच्या यात्रेचे सामान सहज मावते, असे एका बंधूंनी आनंदाने सांगितले. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा-चाचणीत तिला पाच तारे मिळाल्याचे कळताच घरातील स्त्रीवर्गाची संमती लाभली.

कराचा विचार व्यापाऱ्यास सुटत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांहून लांब अशा या मोटारीस ४० टक्के जीएसटी, तर धाकट्या डिझायरला १८.

खरा अडथळा निराळाच. सेडानची बैठक मुळातच बुटकी. उठताना आमच्या मातोश्रींना दोघांचा हात लागला. २०१४ साली उत्पादन थांबलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरची उंच बैठक त्यांना आठवली. पण हात झटकून त्यांनी विक्रेत्यास विचारले, "हे आवरण कातड्याचे का हो?" आसने कृत्रिम चामड्याची असल्याचे त्याने नम्रपणे सांगितले. "आणि हे चाक?" आम्ही स्टिअरिंगविषयी लेखी उत्तर मागितले आहे. ते येईपर्यंत बयाणा दिलेला नाही.