ऑर्डर आणि ऑफर

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ‘पोराला नोकरी लागली’ असे कुणी सांगितले, की ऐकणारा ती सरकारीच धरून चालतो. खासगी ठिकाणी काम मिळालेल्याबद्दल ‘तो कंपनीत आहे’ किंवा नुसते ‘पुण्याला असतो’ असे म्हणतात. सरकारी माणसाची ‘ऑर्डर’ निघते, कंपनीतल्याला ‘ऑफर लेटर’ मिळते. ऑर्डर निघाली की गल्लीत पेढे वाटले जातात. ऑफर लेटर बहुतेक घरांत मोबाइलमध्येच राहते. या दोन कागदांपैकी कशाच्या मागे लागायचे, हा प्रश्न इथल्या पदवीधरापुढे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना पगाराइतकाच वर्षांचा हिशेब मांडायला हवा, आणि नेमका तोच घरोघरी राहून जातो.

सरकारी नोकरीच्या ओढीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चाले, शिक्षण मूठभरांना मिळे, आणि कचेरीतली खुर्ची मराठी शेतकऱ्याच्या घरापासून फार लांब होती. मुक्तीनंतर कॉलेजे निघाली: नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये. शिकलेली पहिली पिढी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटीत कंडक्टर झाली आणि तिच्या घरावर स्लॅब पडला. शेजाऱ्यांनी तो पाहिला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रुंदमापी रेल्वेबरोबर तरुणांच्या रोजगाराचाही प्रश्न होता. कारखाने मात्र बेताचेच आले, आणि नांदेडच्या उस्मानशाही मिलसारखी जुनी गिरणीही बंद पडली. जमीन बहुतांश कोरडवाहू, पीक सोयाबीन-तुरीचे, भाव दुसऱ्याच्या हाती. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाऊस पडो न पडो, महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा होणारा पगार म्हणजे घरातली एकमेव बारमाही विहीर असते. २००९ मध्ये नवे महसूल आयुक्तालय नांदेडला करण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले, तेही याच कारणाने. कचेरी जिथे, तिथे शहर वाढते, हे दोन्हीकडच्या लोकांनी पाहिलेले आहे.

आता ऑर्डरमध्ये नेमके काय असते ते पाहू. तलाठी, म्हणजे आजच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, सातव्या वेतन आयोगानुसार २५,५०० ते ८१,१०० या वेतनश्रेणीत लागतो. महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर १२,७५० रुपये. लहान गावाचा घरभाडे भत्ता १० टक्क्यांनी २,५५० रुपये. बेरीज ४०,८०० होते. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ३,८२५ रुपये, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कापले जातात आणि २०० रुपये व्यवसाय कर जातो. हातात ३६,७०० च्या आसपास येतात. सरकार आपल्या बाजूने निवृत्तिवेतनात १४ टक्के, म्हणजे ५,३५५ रुपये, घालते. दरवर्षी एक वेतनवाढ ठरलेली असते.

निवृत्तिवेतनाबाबत एक गैरसमज अजून टिकून आहे. ‘म्हातारपणी पेन्शन’ हे सरकारी नोकरीचे पहिले कारण म्हणून आई-वडील सांगतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या काळी निवृत्त झालेले गुरुजी असतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना ते जुने निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली, म्हणून तर मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले. त्यानंतर सुधारित पर्याय पुढे आले आहेत. तरीही नव्याने लागणाऱ्याने आपल्या ऑर्डरवर कोणती योजना लागू आहे, ते स्वतः वाचून घ्यावे. काकांच्या अनुभवावर विसंबू नये.

ऑर्डर हाती पडली, तर ती चांगलीच असते. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न ती मिळेपर्यंतच्या वर्षांचा आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक अर्ज. परीक्षेचे शुल्क खुल्या वर्गासाठी १,००० आणि राखीव वर्गासाठी ९०० रुपये होते. त्याआधीची मोठी तलाठी भरती २०१९ ची. मधल्या चार वर्षांत तयारी करणारा चार वर्षांनी मोठा झाला, जागा मात्र निघाल्या नाहीत. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा आणि सतरा लाखांवर अर्ज होते. अर्ज करणारे सगळेच मन लावून अभ्यास करतात असे नाही, हे खरे. पण मन लावून करणाऱ्यांची संख्याही जागांच्या कितीतरी पट असते.

ही वर्षे कशी जातात, ते पाहायचे तर पहाटे पाचला मैदानावर जावे. पोलीस भरतीची मुले सोळाशे मीटरचा वेळ मित्राच्या मोबाइलवर लावून धावतात, मुली आठशे मीटर. गोळा हातोहात फिरतो. मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखीला १००, त्यामुळे सकाळ पायांची आणि उरलेला दिवस डोक्याचा. नऊ वाजता तीच मुले अभ्यासिकेत दिसतात: प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, एक चार्जिंगचे बटण, भिंतीला चिकटवलेला चालू घडामोडींचा कागद आणि खुर्चीला घरून आणलेली उशी. जागेचे भाडे महिन्याचे, डबा गावाकडच्या एसटीने येणारा किंवा मेसचा. दर दिवाळीला गावी गेले की ‘काय झालं रे तुझ्या परीक्षेचं?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर कित्येक जण दिवाळीलाही अभ्यासिकेतच थांबतात. त्या कप्प्यांत बसलेल्यांची मेहनत कुठल्याही कारखान्यातल्या मेहनतीपेक्षा कमी नाही, आणि तिची नोंद मात्र कुठल्याच अनुभवाच्या दाखल्यावर होत नाही.

या वर्षांना किंमत आहे आणि ती मोजता येते. महिना १५,००० रुपयांची साधी खासगी नोकरी धरली, तरी पाच वर्षांत ९ लाख रुपये होतात. निवड झालेल्याला खासगीपेक्षा महिन्याला पंधरा हजार जास्त मिळाले, तर ही रक्कम पाच वर्षांत भरून निघते. पुढची पंचवीस वर्षे नफ्याची. निवड न झालेल्याचे ९ लाख कुणी भरून देत नाही, आणि तिशी ओलांडलेल्या, अनुभव नसलेल्या उमेदवाराला कंपनीही तेविशीतल्या मुलाच्या मागे उभे करते. राज्यसेवा आणि तलाठीसारख्या पदांना खुल्या वर्गासाठी वयाची अट ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. २०१६ मध्ये ती ३३ वरून ३८ झाली, तेव्हा आनंद झाला, पण त्यामुळे थांबण्याची मुभाही पाच वर्षांनी वाढली. पोलीस शिपायाला मात्र खुल्या वर्गात २८ नंतर दार बंद होते. म्हणून तयारी सुरू करतानाच ‘इतक्या जाहिराती, इतकी वर्षे’ असे घरच्यांसमोर ठरवून लिहून ठेवणे शहाणपणाचे. निकाल हाताशी येऊन एका गुणाने गेला, की ही मर्यादा पाळणे सगळ्यात अवघड जाते. ती आधी ठरवायची ती त्याचसाठी.

सरकारी आणि खासगी यांच्यामध्ये एक तिसरी जात आहे आणि मराठवाड्यात तिचा पसारा मोठा आहे. खासगी संस्थेची शाळा किंवा कॉलेज, पण पगार सरकारचा: हे झाले ‘अनुदानित’. त्याच इमारतीत त्याच विषयाचे ‘विनाअनुदानित’ तुकडीवरचे शिक्षक असतात. २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी अनुदान येण्याची वाट पाहत त्यांच्या डोक्यावरचे केस पांढरे होतात. कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणाऱ्याकडे नेट-सेट किंवा पीएच.डी. असते, तासाला ठरलेले मानधन मिळते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नसते. संस्थेत ‘लावण्यासाठी’ पैसे मोजावे लागतात, ही चर्चा या भागात उघडपणे होते. एखाद्याने त्यासाठी वडिलांचे शेत विकले, तर ती नोकरी घेतली असे न म्हणता उधारीवर पगार घेतला असे म्हणायला हवे. शिक्षकांची भरती अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलमार्फत सुरू झाल्याने काही दारे सरळ उघडली. त्या दारातून आत गेलेलाही आधी तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. २०२३ मध्ये वाढ झाल्यावर प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन ठरले.

कंत्राटी नेमणुकाही याच मधल्या जातीत मोडतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कर्मचारी सरकारी दवाखान्यात, सरकारी रजिस्टरवर काम करतात, पण त्यांचा करार ठरावीक मुदतीचा असतो. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने खासगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याची वाट रुंद केली होती; तरुणांचा रोष वाढल्यावर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. गावात ‘कलेक्टर ऑफिसात लागला’ एवढेच कळते. तो कुणाच्या सहीने लागला, कोणत्या वेतनश्रेणीत, किती मुदतीसाठी, या तीन ओळी कागदावर असतात, आणि नोकरी सरकारी आहे की नाही, ते त्यांच्यावरून ठरते.

खासगी बाजूला तर दोन वेगळी जगे आहेत. एक घराजवळचे: लातूरच्या डाळ आणि तेलाच्या मिल, आडत बाजारातले हिशेबनीस, क्लासेस, फायनान्स कंपन्या, गाड्यांचे शोरूम, नांदेडच्या डॉक्टर लेनमधली हॉस्पिटले. दहावी-बारावीच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नमुळे उभ्या राहिलेल्या क्लासच्या धंद्यात चांगल्या शिक्षकाला मोठा पगार मिळतो, आणि तो निकालावर टिकतो. बाकी ठिकाणी मात्र पगार रोखीने आणि कागद नाही, अशी रीत अजून बरीच आहे. वीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. आपले पैसे खरेच भरले जातात का, ते मोबाइलवर पासबुक उघडून दर महिन्याला पाहता येते. नव्या नोकरीचा पहिला पगार झाला की पहिले काम ते करावे.

दुसरे जग रात्रीच्या गाडीने जायचे. लातूर आणि नांदेडहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत दिवाळीनंतर उभे राहायला जागा नसते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या पट्ट्याला हैदराबाद जवळचे वाटते. नांदेडजवळ विष्णुपुरीला १९८१ मध्ये सुरू झालेल्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी कॅम्पसमधूनच नोकरी घेऊन बाहेर पडतात. साध्या पदवीच्या मुलाला चाकण-रांजणगावचे गेट स्वतः शोधावे लागते. तिथे ‘वर्षाला ३ लाखांचे पॅकेज’ ऐकून महिन्याला पंचवीस हजार मोजू नयेत. मूळ वेतन १२,५०० धरले, तर कंपनीच्या वाट्याचे भविष्यनिर्वाहाचे १,५०० आणि उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) सुमारे ६०० याच पॅकेजात मोजलेले असतात. आपल्या वाट्याचे १,५०० आणि व्यवसाय कर वजा होऊन हातात २१,२०० च्या आसपास उरतात. त्यातून कॉट बेसिसचे भाडे आणि मेस. पहिली दोन-तीन वर्षे घरी पाठवायला फारसे उरत नाही, हे घरच्यांना आधी सांगितलेले बरे. त्यापुढे मात्र कौशल्य असेल, तर कंपनी बदलून पगार ज्या वेगाने वाढतो, तो वेग वेतन आयोगाला नाही.

लातूरजवळ हरंगुळला उभी राहिलेली मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी ही दोन्ही बाजूंच्या सीमेवर आहे. ३१ मार्च २०१८ ला पायाभरणी, २५ डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा. ‘रेल्वेत नोकऱ्या निघणार’ म्हणून हजारो घरांनी आस धरली. पुढे वंदे भारत स्लीपर गाड्या बांधण्याचे कंत्राट रेल विकास निगम आणि रशियन कंपनीच्या भागीदारीतून झालेल्या कंपनीकडे गेले. कारखाना रेल्वेचा, गाडी रेल्वेची, पण कामगाराचा मालक कंपनी. तिथे आयटीआयच्या वेल्डर-फिटरला मागणी असेल. रेल्वेच्या कायम नोकरीची वाट पाहणाऱ्याने मात्र रेल्वे भरती बोर्डाच्या जाहिराती पाहाव्यात.

शिक्षणानुसार गणित बदलते. डॉक्टर, नर्स आणि संगणक अभियंता यांना खासगीत दारे जास्त आहेत, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे थांबण्यात तोटा मोठा. कला शाखेच्या पदवीधराला घराजवळ खासगी पर्याय फारच थोडे. त्याचा स्पर्धा परीक्षेकडे ओढा समजण्यासारखा आहे. मुलींच्या बाबतीत पारडे अजून सरकारीकडे झुकते. राज्याच्या नोकरीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. प्रसूती रजा कायद्याने दोन्हीकडे सहा महिन्यांची, पण रजेवरून परत आल्यावर खुर्ची जागेवर असण्याची खात्री सरकारीत जास्त. बालसंगोपन रजाही तिथेच मिळते. लग्नाच्या बायोडाट्यात ‘सरकारी नोकरी’ या दोन शब्दांना जे वजन येते, त्यामुळे मात्र कित्येक मुलांनी आणखी एक वर्ष घालवले आहे. त्या दडपणाखाली ठरवलेले वर्ष अभ्यासाचे नसते.

दोन्ही वाटांची दारे दोन्ही बाजूंनी सारखी उघडत नाहीत. खासगी नोकरी करताना फॉर्म भरता येतो, आणि ३८ किंवा ४३ पूर्ण होईपर्यंत सरकारी दार उघडे असते. सुटीच्या दिवशी होणारी पूर्वपरीक्षा नोकरी सांभाळून देणारे बरेच आहेत. एका सरकारी पदावरून दुसऱ्याकडे जायचे, तर कार्यालयामार्फत अर्ज पाठवून परवानगी घ्यावी लागते. ती घेतली, तर आधीची सेवा जोडली जाऊ शकते. सरकारीतून खासगीत जाण्याला वयाची अट नाही, पण वर्षे भरण्याआधी राजीनामा देणाऱ्याच्या पदरी अंशदानाची जमा तेवढी राहते. अभ्यासिकेतल्या कप्प्यात बसणाऱ्याला मात्र कुठूनही कुठे जाता येत नाही, जोवर तो एका बाजूला निदान पहिले पाऊल टाकत नाही.