छाती वाढलीये? आधी केस पेपर काढा

ऐन उकाड्यातही बनियन न काढणारा एकजण प्रत्येक हॉस्टेलवर असतोच. आपण चिडवतो, तो आणखी ढगळ शर्ट घालतो. या वाढीला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांत ती थोडीफार होते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप ओसरते. निप्पलखाली चकतीसारखं घट्ट लागलं तर ती ग्रंथी, नुसतं मऊ असेल तर बहुधा चरबी. जुनी ग्रंथी व्यायामाने जात नाही, कितीही बेंच प्रेस मारा! उलट जिममधली स्टेरॉइड्स हे तिचं एक कारण.

बोईसर-तारापूरच्या मुलांनी महागडं कॉस्मेटिक क्लिनिक गाठण्याआधी पालघरच्या सरकारी रुग्णालयात दाखवावं. चालू औषधं न लाजता सांगावीत. वृषण, यकृत, थायरॉइडही तपासून घ्यावं, मूळ दुखणं कधीकधी तिथे असतं. प्लास्टिक सर्जरीसाठी चिठ्ठी घेऊन मुंबई गाठायची. 2013 पासून डहाणू लोकल आहे, आणि नायर रुग्णालय मुंबई सेंट्रल स्टेशनच्या जवळच. निप्पलच्या कडेला छोटा छेद देऊन ग्रंथी काढतात, चरबी असेल तर शोषून घेतात. भाजलेले, अपघातातले पेशंट आधी घ्यावे लागतात, म्हणून तारीख लांबू शकते. सुट्टीतली मागून बघा. मात्र एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा निप्पलमधून रक्त आलं, तर सुट्टीची वाट बघू नका.