बादलीतला कोळसा

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचा हुकूम निघाला होता. त्या उन्हाळ्यानं लातूरकरांच्या हाताला एक वळण लावलं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी घमेल्यात धरायचं, त्यात खरकटी भांडी विसळायची, आणि साबण न लागलेलं पाणी उरलं तर ते तुळशीला, कढीपत्त्याला घालायचं.

यात पाण्याची बचत दिसते, कोळशाची दिसत नाही. पाचशे फूट खोल बोअरमधून हजार लिटर पाणी उपसायला साधारण एक युनिट वीज खर्ची पडते. देशातली जवळपास पाऊण वीज कोळशावर तयार होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोटर बंद करायची राहून टाकी वाहू लागली, की पाण्याबरोबर कोळसाही वाहून जातो. उलट, कोळशाच्या विजेलाही पाणी लागतंच. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी शेजारचं परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणून टाकीला आपोआप मोटर बंद करणारा फ्लोट स्विच बसवणं हा मराठवाड्यातला पहिला पर्यावरणधर्म. दुसरा आरओचा. बोअरचं पाणी जड, म्हणून घरोघरी ही यंत्रं आली. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे ती दोन-तीन लिटर पाणी टाकून देतात. त्या नळीखाली बादली ठेवली की फरशी पुसण्याचं काम भागतं.

आंघोळीचंही तसंच. वीस लिटर पाणी कोमट-गरम करायला गीझर जवळपास अर्धा युनिट खातो. चौघांच्या घरात रोजचे दोन युनिट झाले. नांदेड-लातूरला ऊन फुकटचं आणि भरपूर. छपरावरचा सौर बंब वर्षातले बहुतेक दिवस गीझरला सुट्टी देतो.

उन्हाळ्याचं गणित मात्र अवघड. जुनी माळवदाची घरं जाड मातीच्या छतामुळे आत गार असायची. पण ‘जुनं ते सोनं’ इथे लागू पडत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच दगडमातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर कोसळली. बळींची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. लोक स्लॅबकडे वळले ते जिवाच्या भीतीनं, आणि ते बरोबरच होतं. आता प्रश्न तापलेल्या स्लॅबचा. मार्च लागला की गच्चीवर चुन्याचे दोन हात मारावेत. पांढरा रंग ऊन परतवतो. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर चांगला चालतो. त्याला दीड-दोनशे वॉट पुरतात, दीड टनाचा एसी दीड हजारांपर्यंत ओढतो. कूलर पाणी पितो हे खरं. म्हणून खोलीत कुणी नसेल तेव्हा तो बंद करावा, आणि चालू असताना खिडकी उघडी ठेवून हवा खेळती राहू द्यावी. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रात्रंदिवस फिरणारा पंखा बदलला तर रोजचं एक युनिट वाचतं.

स्वयंपाकघरात आपली पुंजी आधीपासूनच आहे. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर पोसते. भाताच्या चिखलातून निघणारा मिथेन तिच्या वाट्याला नाही. तूर तर हवेतला नत्र स्वतःच मुळांशी बांधते, म्हणून तिला युरिया कमी लागतो. डाळमिलांच्या लातुरात भाकरी-वरण हे जेवण म्हणूनच हवामानाला सोसणारं. तूरडाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली की शिट्ट्या कमी होतात. १४.२ किलोचं एक सिलेंडर जळून संपताना सुमारे बेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. ते चार दिवस जास्त पुरलं तरी कमाईच. आणि भाजीची देठं, साली कचऱ्याच्या ढिगात दबून सडल्या तर मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट तापदायक. त्याच साली कुंडीत हवेशीर कुजल्या तर खत होतं.

छतावर पॅनेल बसवायची ऐपत असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. एक किलोवॉट रोज चारेक युनिट देतो. पण आधी वापर घटवावा, मग पॅनेल मोजावीत. नाहीतर उधळपट्टीलाच सूर्य जुंपल्यासारखं होईल.

महावितरणचं पुढचं बिल हाती येईल. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. युनिटला ०.७ नं गुणा. तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड तुमच्या घराच्या नावावर. दीडशे युनिट असतील तर एकशे पाच किलो. शंभर युनिटांच्या वर दर चढतो, हेही लक्षात असू द्या. आकडा शंभराच्या आत आणायचं लक्ष्य घरातल्या शाळकरी पोरांवर सोपवा. दिवे बंद करायला मग कुणाला सांगावं लागणार नाही.