स्मृतिभ्रंश आणि रूपकांचा अंमल

टाकवे बुद्रुकपासून वडेश्वर, नागाथली ओलांडून खांडीकडे जो आंदर मावळाचा मुलूख पसरला आहे, तेथे एखाद्या वृद्धाने नुकतेच जेवण उरकूनही पुन्हा ताट मागितले, किंवा पोटच्या लेकीला ‘तू कुणाची गं?’ असे विचारले, तर त्याच्या मेंदूत काय बिघडले याची चौकशी होण्यापूर्वीच त्या बिघाडाचे बारसे होऊन गेलेले असते. कोणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतो, कोणी ‘म्हाताऱ्याला चळ लागला’ म्हणतो, कोणी ‘आता लहान पोरच झालंय ते’ असे म्हणून हसतो. शहरातील वृत्तपत्रे याच व्याधीची ‘लाट’ आल्याचे सांगून तिच्याविरुद्ध ‘युद्ध’ पुकारतात. प्रत्येक रूपक एकेक भावना जागी करते, त्या भावनेबरहुकूम घरची माणसे रुग्णाशी वागू लागतात, आणि त्याची उर्वरित वर्षे कशी जातील हे पुष्कळ अंशी या वागण्यावर अवलंबून राहते.

या साऱ्यांत अधिक अपाय करते ती साठीची म्हण. वयाबरोबर बुद्धी जाणारच असे एकदा ठरले, की दवाखान्याची पायरी चढण्याचे प्रयोजन उरत नाही. वस्तुतः २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आढळले. शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक होते हे खरे. तथापि शंभर वृद्धांपैकी नव्वदांहून अधिकांना ही व्याधी नसते, हाही त्या आकड्याचाच अर्थ आहे. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, नैराश्य, किंवा डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू साकळलेले रक्त यांमुळेही विस्मरण आणि गोंधळ उद्भवतो, आणि यांवर इलाज आहेत. परंतु ज्याचे विस्मरण वयाच्या खाती जमा झाले, त्याच्या रक्ताची साधी तपासणी करून घेण्याची तजवीजही सहसा कोणी करीत नाही.

दुसऱ्या बालपणाचे रूपक दुधारी आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला मूल ठरवले, की त्याच्यावर ओरडणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे, त्याला न विचारता सातबाऱ्यावरील नावांचा निकाल लावणे, हे सारे क्षम्य वाटू लागते. अशा वागणुकीने रुग्णाचे माणूसपणच हिरावले जाते, असे प्रतिपादन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात केले. उलटपक्षी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात, हत्तीमागोमाग भरकटत गेलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची बायको लेकरासारखेच सांभाळते. पण तिच्या मनात कीव नसून माया असल्यामुळे त्याची प्रतिष्ठा यत्किंचितही उणी होत नाही.

आणखी एक कल्पना सह्याद्रीच्या कुशीत पूर्वापार नांदत आली आहे. पायाखालची वाट एकाएकी अनोळखी झाली आणि माणूस त्याच त्या बांधाभोवती फिरत राहिला, तर त्याला ‘चकवा लागला’ म्हणतात. आता, मेंदूतील ज्या भागात स्थळाचा नकाशा राखला जातो, आणि ज्यातील नकाशा राखणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल जॉन ओकीफ व मोझर दांपत्य यांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच भागाला अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रमुख प्रकाराची बाधा अगदी आरंभी होते. म्हणून ओळखीच्या रस्त्यावर चुकणे हे त्या रोगाचे एक प्रारंभिक लक्षण ठरते. चकव्याचे भूत विज्ञानाला मान्य नाही, आणि त्यापायी कुटुंब देवऋषाच्या दारी गेले तर मोलाचे महिने वाया जातात. परंतु चकवा लागलेल्याला कोणी दोष देत नाही, त्याची थट्टा करीत नाही. हात धरून त्याला घरी आणतात. ही रीत मात्र जपण्याजोगी आहे.

कारण स्मृती गेली म्हणजे भावनाही गेली, असे नसते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद व आनंददायी चित्रपटांतील प्रसंग दाखवले. काही मिनिटांतच त्यांतील बहुतेक तपशील ते विसरले. पण मनावरचे दुःख वा प्रसन्नता टिकून राहिली, आणि ज्यांना कमी आठवत होते त्यांचे दुःख अधिक लांबले. तेव्हा दिवंगत पत्नीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्याला ती गेल्याचे दररोज बजावणारा मुलगा त्याला सत्य शिकवीत नसतो. कारण न कळणारे दुःख तेवढे त्याच्या पदरी ठेवून जात असतो. त्यापेक्षा ‘ती कशी होती, सांगा’ असे म्हणून त्याला बोलते करणे अधिक शहाणपणाचे.

युद्धाच्या रूपकाचा जाच तर सांभाळणाऱ्यालाच होतो. रोग पुढे सरकणारा असल्यामुळे रात्रंदिवस राबणारी सून अखेरीस स्वतःला पराभूत मानू लागते, वास्तविक तिने हरावे असे काहीच केलेले नसते. म्हणून घरात वृद्धाविषयी जे शब्द उच्चारले जातात, ते उपचाराचाच एक भाग समजून पारखून घ्यावेत. त्या शब्दाने दवाखाना जवळ येतो की दुरावतो, आणि सांभाळणारीचे ओझे घरातील इतरांत वाटले जाते की तिच्या एकटीवरच पडते, या दोन कसोट्या त्यासाठी पुरेशा आहेत.