हिरवळ कृत्रिम, माती मात्र खरी!

वैशाखातली दुपार होती. आमच्या इंदूरच्या घरापुढील अंगणात डोळे निवावेत अशी हिरवीगार हिरवळ पसरली होती, आणि तिच्यावर पाऊल टाकताच माझा पाच वर्षांचा मुलगा किंचाळत ओसरीवर पळत आला. ती हिरवळ प्लॅस्टिकची होती आणि उन्हाने तव्यासारखी तापली होती. त्याच्या तळव्यांवर गार पाणी ओतता ओतता सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, गवत कधी चटका देतं का गं?"

खरे पाहता, ही कृत्रिम हिरवळ आम्ही नाइलाजाने घातली होती. आमचे अंगण ४० चौरस मीटरचे. उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी २०० लिटर लागतात. नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून आपल्या शहरात येते. तेही आमच्या भागात दिवसाआड. अशा वेळी पिण्याच्या पाण्याने गवत भिजवताना मन खाई. पावसाळ्यात उलट चिखल आणि तण. अखेर 'एकदा खर्च करा आणि निश्चिंत व्हा' या एका ठेकेदाराच्या शब्दांना आम्ही भुललो.

या कृत्रिम हिरवळीचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली छत असलेले प्रचंड क्रीडागृह उभे राहिले. त्यात लावलेले गवत बर्म्युडा जातीचे, म्हणजे आपल्या हरळीच्याच गोत्रातले होते. छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून ती रंगवली. पण त्यामुळे ऊन अडले आणि गवत वाळले. मग १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत अंथरण्यात आले. आपल्याला त्याची कडू ओळख झाली ती हॉकीमुळे. १९७५ साली विश्वचषक जिंकणारा आपला संघ १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, कृत्रिम मैदानावर, सातव्या क्रमांकावर घसरला. आज घरगुती हिरवळीची पाती बहुधा पॉलिएथिलीनची असतात. ती मऊ असतात आणि दिसायलाही खऱ्यासारखी असतात.

परंतु अंगणात हिरवळ किती दिवस टिकणार हे त्या पात्यांपेक्षा खालची जमीन ठरवते, आणि माळव्याची जमीन तर काळीभोर! या मातीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळले की आक्रसतात. म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच जमिनीत पाय रुततो. आमच्या ठेकेदाराने ऐन मे महिन्यात, भेगाळलेल्या मातीवर दोन बोटे वाळू पसरून त्यावर गुंडाळ्या उलगडल्या. पहिल्या दोन पावसांतच वाळू भेगांत उतरली, मधे खळगे पडले, कडा उचलल्या गेल्या आणि साचलेल्या पाण्याला दुर्गंधी सुटली. ठेकेदाराने पुन्हा तोंड दाखवले नाही. पुढच्याच वैशाखात मुलाचे पाय पोळले, तेव्हा आम्ही सारे उखडले आणि पहिल्यापासून काम केले.

जे शिकलो ते सांगते. काम दिवाळीनंतर काढावे. तेव्हा जमीन धड फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते. प्रथम १५ ते २० सेंटीमीटर काळी माती खणून काढून टाकावी. तळाशी न विणलेले जाड कापड अंथरावे, म्हणजे वरची खडी चिखलात बुडत नाही. त्यावर लहानमोठ्या खडीचा थर धुम्मस करून पक्का बसवावा, त्यावर दोन-तीन सेंटीमीटर दगडाची चुरी पसरून ती पाणसळीने तपासावी. घराकडून बाहेरच्या बाजूला मीटरमागे १ ते २ सेंटीमीटर उतार ठेवावा. गच्चीच्या पाण्याचे नळ या भागात मुळीच सोडू नयेत. काळी माती कडेला लवकर वाळते आणि तिथेच जास्त हलते. तीत ठोकलेले खिळे फार दिवस धरत नाहीत. म्हणून चारी बाजूंनी काँक्रीटची कडा बांधून हिरवळ तिला जखडावी. गुंडाळ्या काही तास उन्हात उलगडून ठेवाव्यात, सर्वांची पाती एकाच दिशेला ठेवून मग जोड चिकटवावेत आणि शेवटी धुतलेली बारीक वाळू झाडूने आत भरावी. हिरवळ अंथरण्यापूर्वी चुरीवर चार बादल्या पाणी ओतून पाहावे. ते कुठे साचले, तर काम अजून संपलेले नाही असे समजावे.

हे सर्व यथासांग केले तरी उन्हावर उपाय नाही. खरे गवत आपल्यातील पाणी वाफेच्या रूपाने सोडून स्वतःला गार ठेवते. प्लॅस्टिकला ती विद्या अवगत नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. पाणी शिंपडले तर थोडा वेळ निवतो, पण मग पाणी वाचवल्याचे समाधान कुठले? म्हणून जेथे दुपारनंतर सावली येते तेवढ्याच भागात ही हिरवळ घालावी. झाडाच्या बुंध्याभोवती ती मुळीच नेऊ नये. मुळांना हवा-पाणी हवे. दिवाळीत फुलबाजीची एक ठिणगी पडली तरी भोक पडते, हेही ध्यानात असू द्यावे. शिवाय दहाएक वर्षांनी पाती झिजली की या प्लॅस्टिकचे करायचे काय, हा प्रश्न घरधन्यासाठी उरतोच.

आमच्या अंगणाची आता वाटणी झाली आहे. ओसरीलगतच्या सावलीत १५ चौरस मीटर कृत्रिम हिरवळ आहे. तिथे संध्याकाळी मुले खेळतात आणि पावसाळ्यातही चिखल घरात येत नाही. उरलेल्या जागेत कडुलिंब, तुळशीवृंदावन आणि एक अरुंद हरळीचा वाफा आहे. त्याला भांडी विसळलेले पाणी पुरते.

हा वाफा सासूबाईंच्या आग्रहामुळे राहिला. अंगण प्लॅस्टिकने झाकले त्या वर्षी गणेशचतुर्थीला आम्हांला दूर्वांची जुडी बाजारातून विकत आणावी लागली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पण आरतीच्या वेळी त्यांचे लक्ष खिडकीबाहेर होते. यंदा मात्र पहाटे त्या स्वतः वाफ्यापाशी बसल्या. गुडघे दुखत होते, तरी एकवीस दूर्वा त्यांनी आपल्याच हातांनी खुडल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या नातवाला त्रिदळ कसे ओळखायचे ते दाखवले.